तीन किलोंचे श्रेय

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधीच्या तीन महिन्यांत माझे वजन ६१ किलोवरून ५८ किलोवर आले. ही काही अंकात छापण्याजोगी बातमी नव्हे, हे मलाही कळते. परंतु त्या तीन किलोंच्या बळावर मी याच महाविद्यालयातील तीन मुलींना प्रत्येकी १,४०० रुपयांची बाटली घ्यायला लावली. आणि त्या बाटलीचा माझ्या तीन किलोंशी काडीचाही संबंध नव्हता, अशी आता माझी खात्री झाली आहे. जे तिघींना खासगीत सांगितले ते चुकीचे होते, हे निदान चारचौघांत सांगावे म्हणून हा लेख.

बाटली आमच्या टिळकवाडीतल्या एका अक्कांनी दिली. त्या घरबसल्या अशा वस्तू विकतात. स्वभावाने चांगल्या आहेत आणि स्वतःही त्या गोळ्या घेतात, तेव्हा त्यांनी मला जाणूनबुजून फसवले असे मी म्हणणार नाही. बाटलीवर लहान भोपळ्यासारखे रेघारेघांचे एक फळ, शेजारी कमरेला टेप गुंडाळलेली एक परदेशी बाई, आणि खाली 'गार्सिनिया कॅम्बोजिया' ही अक्षरे. आत घडी घातलेला एक कागद. दिवसातून दोनदा, जेवणाआधी अर्धा तास, एक गोळी. मी तीन बाटल्या संपवल्या. पुस्तकांसाठी म्हणून घरून घेतलेले पैसे त्यात गेले, हेही सांगून टाकते. आईला हा अंक वाचूनच ते कळेल.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी जो तो म्हणे, "काय गे, बारीक झालीस की!" कोणी असे म्हटल्यावर गप्प बसणारी मुलगी मला अजून भेटायची आहे. मी बाटलीचे नाव सांगितले. कोणी मागितला नसताना पुरावाही दिला: आधीचे वजन अमुक, आताचे तमुक. मी विज्ञान शाखेची, रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. त्यामुळे माझ्या शब्दाला जरा जास्त वजन होते (हा विनोद नाही).

माझा फुगा पहिल्यांदा फुटला तो वसतिगृहात. सिरसीकडची माझी एक मैत्रीण या अंकाच्या कन्नड विभागात लिहिते. तिने बाटली हातात घेतली, चित्र पाहिले आणि ती हसतच सुटली. "अगं, हे तर उप्पागे!" सह्याद्रीच्या ओल्या रानात, विशेषतः उत्तर कन्नड जिल्ह्यात आणि खाली केरळात हे झाड वाढते. आपल्या आमसुलाच्या झाडाचे, म्हणजे कन्नडमधल्या मुरुगलाचे, गोव्यातल्या भिरंडाचे ते सख्खे भावंड. तिकडे सालीची आमसुलासारखी आंबट वाळवण करतात आणि बियांपासून तूप काढतात, ते 'उप्पागे तुप्पा'. ती म्हणाली, "आमची आजी जन्मभर हे खात आली. तिला बघितलीस तर तू ही बाटली फेकून देशील."

आजीचा दाखला हाही पुरावा नव्हे, हे मला पुढे समजले. पण त्या हसण्याने मी वाचायला बसले, आणि वाचता वाचता या फळाची जी कथा हाती लागली ती आपल्याच मुलखातून सुरू होते. १९६५ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकंठन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की या फळातील मुख्य आम्ल हे हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल आहे. चार वर्षांनी अमेरिकेत लोवेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की हे आम्ल एका विशिष्ट विकराला अडवते. भात, साखर अशा पिष्टमय पदार्थांपासून शरीर जेव्हा चरबी तयार करते, तेव्हा त्या साखळीत एटीपी-सिट्रेट लायेज नावाचे विकर लागते. आपले आम्ल त्याच्या जागेवर ठाण मांडून बसते आणि काम अडते. सत्तरच्या दशकात उंदरांवर प्रयोग झाले. उंदीर कमी खाऊ लागले, त्यांच्या शरीरात चरबी कमी बनू लागली. इथपर्यंतचे सारे विज्ञान अस्सल आहे, आणि म्हैसूरचे नाव त्यात पहिले आहे याचा मला अभिमानही वाटला.

गोम पुढे आहे. जे उंदरात घडते ते माणसात त्याच प्रमाणात घडेलच असे नाही. आपण नेहमीच्या जेवणात तेल, तूप, शेंगदाणे, दूध खातो. अंगावर चढणारी चरबी बहुतांशी त्या स्निग्ध पदार्थांचीच साठते. भाताची चरबी बनवण्याचे काम माणसाचे शरीर साध्या आहारावर फारच थोडे करते. म्हणजे ज्या दाराला कुलूप लावायचे त्या दारातून येजाच मुळी फारशी नाही. पण हा झाला तर्क. तर्काने गोळी चालेल असेही सिद्ध करता येते आणि चालणार नाही असेही. शेवटी माणसांवर पाहावेच लागते.

ते पाहणे १९९८ साली झाले. न्यूयॉर्कमध्ये हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी वजन जास्त असलेली १३५ माणसे घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला रोज १,५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल. दुसऱ्या गटाला दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली पोकळ गोळी. कोणाला कोणती मिळते हे गोळी घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. दोन्ही गटांना आहार एकच, रोज सुमारे १,२०० कॅलरींचा. बारा आठवड्यांनी वजन केले. खरी गोळी घेणाऱ्यांचे सरासरी ३.२ किलो उतरले होते.

मी इथे थबकले. ३.२ किलो, बारा आठवड्यांत! हुबेहूब माझाच आकडा. क्षणभर वाटले, सुटले. मग पुढची ओळ वाचली. पोकळ गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो उतरले होते.

या दोन आकड्यांतला फरक योगायोगाचा म्हणण्याइतपतच आहे. पोकळ गोळी जास्त गुणकारी असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. अर्थ एवढाच की वजन दोन्हीकडे उतरले, आणि ते उतरवण्यात आमच्या उप्पाग्याचा हात दिसला नाही. आता कल्पना करा, त्या दुसऱ्या गटातली एखादी बाई माझ्यासारखी बोलकी असती तर? चार किलो उतरल्यावर तीही मैत्रिणींना शपथेवर सांगत फिरली असती की बाई, घ्याच ही गोळी. ती खोटे बोलली नसती. तिचे वजन खरेच उतरले होते आणि ती गोळीही खरेच घेत होती. फक्त तिच्या गोळीत काही नव्हते.

मग माझे तीन किलो गेले कुठे? बाटलीतला तो घडीचा कागद मी पुन्हा काढला. गोळ्या कशा घ्याव्यात हे सांगून झाल्यावर खाली बारीक अक्षरांत लिहिले होते: उत्तम परिणामासाठी रात्री जड आहार टाळावा व रोज अर्धा तास चालावे. मी आज्ञाधारक मुलगी. रात्रीचा दोन वाट्या भात मी सोडला होता. रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फेऱ्या मारत होते. शेवटचा महिनाभर संध्याकाळी नाचाची तालीम होती. आणि १,४०० रुपये घातले आहेत ते वाया जाऊ नयेत म्हणून पाहुण्यांनी आणलेल्या कुंद्यालासुद्धा हात लावला नव्हता. ज्याने बेळगावचा कुंदा खाल्ला आहे त्याला या त्यागाची किंमत कळेल.

ढोबळ हिशेब मांडला. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी धरतात. तीन किलोंच्या झाल्या २३,१००. नव्वद दिवसांनी भागले तर रोजच्या अडीचशेच्या थोड्या वर. शिजलेल्या भाताच्या दोन वाट्या जवळजवळ तेवढ्याच भरतात. हा हिशेब काटेकोर नाही, शरीर म्हणजे वाण्याची वही नव्हे. पण तीन किलोंचे श्रेय घेण्यास भात आणि चालणे एवढे दोनच दावेदार पुरेसे होते, तिसऱ्याला खुर्ची रिकामी नव्हती. ४,२०० रुपयांना मी विकत घेतला तो फक्त तो कागद.

यावर कोणी म्हणेल, एका चाचणीवर एवढी मदार कशाला? रास्त आहे. २०११ साली या आम्लाच्या उपलब्ध नियंत्रित चाचण्या एकत्र करून त्यांचा ताळा मांडण्यात आला. पोकळ गोळीपेक्षा खरी गोळी सरासरी ०.८८ किलो पुढे निघाली, आणि त्यातही अनिश्चिततेची मर्यादा थेट शून्याला टेकलेली. म्हणजे फार उदार होऊन बोलायचे तर पाऊण-एक किलो, तेही थोड्या मुदतीपुरते. हिरव्या चहाच्या अर्काची गत याहून वेगळी नाही. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात जपानबाहेरच्या चाचण्यांतला सरासरी फरक निघाला ०.०४ किलो, म्हणजे चाळीस ग्रॅम. एवढे वजन तर केस विंचरून कमी करता येईल.

कोणी असेही म्हणेल की चाचणी झाली म्हणजे झाले, मग तिच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत काय? इथे मला बंगळूरची गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगताना अभिमान वाटत नाही. हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या कॉफीबियांचा अर्क वजन घटवतो असा एक निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. प्रयोग बंगळुरात झाला होता, माणसे अवघी सोळा, आणि दावा असा की बावीस आठवड्यांत सरासरी आठ किलो वजन उतरले. त्याच वर्षी अमेरिकेत दूरदर्शनवरच्या एका लोकप्रिय डॉक्टरांनी त्या अर्काची तोंड भरून स्तुती केली आणि तिथे बाटल्यांचा पूर आला. २०१४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आरोप ठेवला की प्रयोग करणाऱ्या मुख्य संशोधकाने वजनाचे आकडे वारंवार बदलले, प्रयोगाचा काळ बदलला, खरी गोळी कोणाला आणि पोकळ कोणाला याचीही उलटापालट केली. प्रयोगाचा खर्च उचलणाऱ्या टेक्सासमधील कंपनीने ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले आणि निबंध मागे घेण्यात आला. अलीकडे ॲपल सायडर व्हिनेगरचा जो बोलबाला झाला, त्यामागचा २०२४ चा एक निबंधही २०२५ साली आकडे विश्वासार्ह नाहीत म्हणून मागे घेतला गेला. निबंध मागे घेतला जातो. बाटल्या कोणी मागे घेत नाही.

आमच्या वर्गातल्या एकाने मला सरळ विचारले, "गुण नसेल येत, पण अपाय तर नाही ना? झाडाचेच आहे. मग तुझे काय जाते?" हा प्रश्न मी बराच काळ मनात घोळवला. झाडाचे म्हणजे निर्धोक, हा आपला एक लाडका समज आहे. धोतराही झाडच आहे. आमसूल कढीत घालणे वेगळे आणि त्याच्या भावंडाचा अर्क काढून दिवसाला दीड ग्रॅम आम्ल महिनोन् महिने पोटात घालणे वेगळे. या गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. त्या संख्येने थोड्या आहेत आणि बहुतेक रुग्ण गोळी थांबवल्यावर बरे झाले, हेही खरे. २००९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'हायड्रॉक्सीकट' नावाच्या मिश्रणाबाबत इशारा दिला, तेव्हा यकृताच्या तक्रारींच्या २३ नोंदी त्यांच्याकडे होत्या आणि त्यांत एक मृत्यू होता. त्यातल्या कोणत्या घटकाने घात केला हे नक्की ठरले नाही. पण ज्या गोळीचा लाभ शून्याजवळ आहे, तिच्यासाठी एवढासा धोकाही कोणी का पत्करावा?

त्याहून गंभीर बाब म्हणजे बाटलीत लिहिले आहे तेच आत असते याची शाश्वती नाही. अमेरिकेत २००७ ते २०१६ या काळात भेसळ सापडलेल्या ७७६ पूरक उत्पादनांची यादी तपासली गेली, तेव्हा त्यांतली ३१७ वजन घटवण्याची निघाली. त्यांपैकी २६९ मध्ये सिब्युट्रामीन होते. हे भूक मारणारे औषध हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढवते म्हणून २०१० साली अमेरिकेतील बाजारातून काढले गेले आणि त्यानंतर लगेच आपल्याकडेही बंद झाले. म्हणजे 'वनस्पतिजन्य' गोळीने एखादीचे वजन झपाट्याने उतरले, तर आनंदाबरोबर थोडी भीतीही वाटायला हवी.

मग सरकार काय करते? आपल्याकडे १९५४ चा औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतचा कायदा आहे. कोणत्या विकारांवर औषधाची जाहिरात करू नये याची जी यादी त्याला जोडली आहे, तीत लठ्ठपणा आहे. पण आमची बाटली औषध म्हणून विकलीच जात नाही, ती पूरक आहार म्हणून विकली जाते. २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा बाटलीवर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापावे लागते, आणि ते माझ्याही बाटलीवर होते, उत्पादनाच्या तारखेच्या शेजारी. तीन महिने ती बाटली दिवसातून दोनदा हातात घेऊनही मला ते दिसले नाही. समोरच्या बाजूला कमरेला टेप गुंडाळलेली बाई असताना मागची अक्षरे वाचतो कोण?

वजन घटवणारे काहीच नसते असे मी म्हणत नाही. ऑर्लिस्टॅट आहे, ते अन्नातील स्निग्धांशाचा सुमारे तीन दशांश भाग पचू देत नाही. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या चाचणीत १,९६१ माणसे होती. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के उतरले, पोकळ इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्के. पुरावा असा दिसतो: माणसे हजारांत, काळ वर्षाहून अधिक, आणि दोन गटांतली दरी उघड्या डोळ्यांना दिसणारी. पण ही औषधे आहेत, त्यांचे दुष्परिणाम आहेत, आणि ती कोणाला द्यायची हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. टिळकवाडीतल्या अक्कांनी नव्हे आणि मी तर नव्हेच.

माझ्या मनाला अजून एक गोष्ट टोचते. मी गोळ्या का घेतल्या? तब्येतीसाठी नाही. घरात स्थळांची बोलणी सुरू झाली होती आणि एका बाजूने 'मुलगी जरा अंगाने भरलेली आहे' असा निरोप आला होता. एवढेच. भात सोडताना मला लाज वाटत होती, कारण भात सोडणे म्हणजे त्या निरोपासमोर मान तुकवणे. गोळी घेणे मात्र आधुनिक वाटत होते, शास्त्रीय वाटत होते. ज्या मुलींना मी बाटली घ्यायला लावली त्यांनाही कोठून ना कोठून तसेच निरोप आले असावेत. आम्ही एकमेकींना ते विचारले नाही. फक्त वजनाचे आकडे सांगितले.

गेल्या महिन्यात मी तिघींकडे गेले. पहिलीने सगळे ऐकून घेतले आणि १,४०० रुपये मागितले. मी निम्मे दिले आहेत, निम्मे बाकी आहेत. दुसरी म्हणाली की तिने आठवड्यातच गोळ्या बंद केल्या होत्या, पोट बिघडत होते, पण माझ्या मनाला लागेल म्हणून बोलली नाही. तिसरी चिडली. तिचे दोन किलो उतरले होते. ती म्हणाली, "तू बारीक झालीस ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. आता न्यूयॉर्कच्या लोकांचं काय सांगतीस?" मी पोकळ गोळीचे सांगू लागले, पण तेवढ्यात तिची बस आली.

तिने आपल्या वहिनीलाही बाटली पाठवली आहे, असे तिच्याकडूनच कळले. वहिनी हुबळीला असतात, मी त्यांना कधी पाहिलेले नाही. त्यांना मराठी वाचता येत नाही, तेव्हा सिरसीच्या मैत्रिणीने यातला मजकूर कन्नड विभागात घ्यायचे कबूल केले आहे.